आधी हात मोज, मग नग

ये, बस. चहा घे आधी. भोसरीच्या शेडची किल्ली हातात आली म्हणून लगेच बाबांसारखी कपाळाला आठी घालून फिरू नकोस, ती आपसूक येईल. एकतीस वर्षं मी त्या शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. मस्टर, पगार, चलनं, इन्स्पेक्टर, वकील, सगळं माझ्याकडे. पत्रा कापायचं तुझे बाबा बघायचे, पण बोट कापलं की सगळे माझ्या टेबलाशी यायचे. म्हणून हे आत्यानेच सांगायचं. मालकाला वाटतं, कायद्याचा पेच अपघातानंतर पडतो. तो महिनाभर आधीच पडलेला असतो, कुणीतरी ‘चालतंय’ म्हटलं त्या दिवशी.

१. सकाळी शेडमध्ये शिरलास की ऑर्डरच्या बोर्डाआधी प्रेसचे गार्ड बघ – मालकाची नजर कुठे जाते ते अख्ख्या शिफ्टला पाच मिनिटांत कळतं.

२. गार्ड काढलेला दिसला तर पोरावर ओरडू नकोस. मशीन बंद कर आणि सेटरला विचार, का काढला – बहुतेक वेळा नग गार्डमधून आत जातच नसतो, आणि तशी डाय बनवून घेतलेली असते आपणच.

३. दोन हातांच्या बटणांपैकी एक काडी खुपसून दाबून ठेवलेलं तुला कधीतरी सापडेलच. त्या दिवशी काडी काढ आणि संध्याकाळी नगामागचा रेटही तपास – नगावर पैसे लावले की बोटं धावतात. घाईचा नग, जन्माची ठेच.

४. ‘त्यानेच गार्ड काढला होता’ या वाक्यावर विसंबू नकोस. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला तर भरपाई नाकारायला कायद्यात जागा आहे, पण माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर ती जागाही उरत नाही – आणि एरवीही, त्याला आधी समज दिली होती हे तुलाच दाखवावं लागतं. सुपरवायझरने बघून सोडून दिलं असेल, तर ते मालकाने सोडलं असंच धरलं जातं.

५. म्हणून समज द्यायची ती लेखी, त्याच्या भाषेत, त्याची सही घेऊन. पोरगा बिहारचा असेल तर हिंदीत लिही – न वाचता आलेल्या कागदावरची सही म्हणजे नुसती शाई.

६. ‘आत्या, आपण थोडीच माणसं, आपल्याला कुठला कायदा?’ असं तू म्हणशील. बाबाही म्हणायचे. वीज वापरणारा कारखाना ठरायला आता वीस माणसं लागतात, ईएसआयच्या विम्याला दहा, भरपाईला मात्र एकच पुरतो – हजेरीपटावर एकोणीस ठेवून विसावा दाराबाहेर उभा करण्यात जी अक्कल जाते, तेवढ्यात दोन गार्ड बसतात.

७. नवा माणूस आला की त्याची ईएसआयची नोंद त्याच दिवशी कर, ‘टिकतो का बघू’ म्हणून थांबू नकोस – नवख्याचाच हात आधी अडकतो. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर आपले सव्वातीन टक्के आणि त्याचे पाऊण टक्का. एवढ्यात मोहननगरच्या ईएसआय इस्पितळाचं दार त्याला उघडं होतं. आणि अपघातानंतर मागच्या तारखेने नोंद करायचा मोह झाला, तर आधी मला फोन कर.

८. ईएसआयमध्ये न बसणाऱ्यांसाठी भरपाईचा विमा घे आणि त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही – संपलेली पॉलिसी नेमकी संपल्यावर आठवते.

आता एक स्टॅम्पपेपरची गोष्ट. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. आम्ही आठच माणसं होतो, ईएसआय नव्हतं. लहान ब्रॅकेटच्या कामाला गार्ड आडवा येतो म्हणून सेटरने तो काढला होता. मी येता-जाता बघत होते. तिसऱ्या दिवशी एका पोराचा अंगठा आणि तर्जनी गेली. दवाखान्याचा खर्च आपण केला, वर काही रक्कम दिली, आणि कुणाच्या तरी सल्ल्याने मी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की यापुढे त्याचं काही मागणं नाही. मला खरंच वाटलं होतं, दोघांचं भलं झालं. वर्षभराने भरपाईचा दावा आला आणि वकिलाने तो कागद हातात घेऊन परत टेबलावर ठेवला. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात मुळातच रद्दबातल होता. त्याच कायद्याचं परिशिष्ट तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं: पूर्ण अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४ टक्के. माणसाचा हात असा ओळीओळीने छापलेला बघून मला रात्रभर झोप लागली नाही. महिन्याभरात भरपाई न दिल्याचं १२ टक्के व्याज आलं ते वेगळंच.

९. तडजोड करायचीच तर भरपाई आयुक्तांकडे नोंदवून कर, आणि माणूस गेला असेल तर भरपाईची रक्कम त्यांच्याकडेच भर – घरच्यांच्या हातात परस्पर दिलेले पैसे कायदा भरपाई म्हणून धरत नाही, आणि विधवेपर्यंत ते पोचतात की दिरापर्यंत, हेही आपल्याला कळत नाही.

१०. जखमी माणूस ४८ तासांत कामावर येऊ शकत नसेल, तर अपघाताची खबर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला गेलीच पाहिजे. ‘घरी जिन्यावरून पडला’ असं डॉक्टरला सांगायला लावू नकोस – लपवलेली जखम आधी चिघळते, मग बोलते.

११. ठेकेदाराची माणसं ‘त्याची’ नसतात. पत्रा आपला, प्रेस आपली, तर भरपाईही आधी आपल्या दारात येते. मग ती ठेकेदाराकडून वसूल करत बस. त्याच्या बिलावर सही करण्याआधी दर महिन्याला ईएसआयचं चलन माग आणि त्यातली नावं मस्टरशी ताडून बघ. एकदा मी नुसतं चलन बघितलं होतं, नावं नाही. बारा माणसं कामावर, चलनात सात.

१२. सुरक्षेच्या कागदांवर ‘भोगवटादार’ म्हणून तुझं नाव आहे, मॅनेजरचं नाही. कंपनीच्या बाबतीत ही जागा संचालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सांगून टाकलंय – तेव्हा ‘मी पुण्याबाहेर होतो’ हे उत्तर आत्तापासूनच विसर.

१३. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. त्यात मालकाच्या कसुरीने माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही, आणि दंडातला निदान अर्धा वाटा घरच्यांना द्यायचा हुकूम कोर्ट करू शकतं. ही गोष्ट मला मनापासून पटते – इतकी वर्षं दंड सरकारात जायचा आणि पोरं काकाच्या दारात.

१४. मशीन साफ करायचं, डाय बदलायची, तर मेन स्विच बंद, फ्यूज काढायचा आणि ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ठेवायचा – ‘मी बंद केलंय’ हे दुसऱ्याने सांगितलेलं असतं आणि तिसऱ्याने चालू केलेलं.

१५. प्यायलेला माणूस दारात आला तर मशीनवर घेऊ नकोस, आणि त्याच्याच मोटरसायकलवर परतही पाठवू नकोस. भावाला नाहीतर शेजाऱ्याला बोलाव, तोवर चहा देऊन बसव, वहीत वेळ लिही – कामावर घेतला तर आपण चुकतो, रस्त्यावर सोडला तर माणुसकी चुकते.

१६. हा सगळ्यात अवघड. कुणाला फेफरं येतं हे कळलं, तर प्रेसवर ठेवणं धोक्याचं आणि काढून टाकणं अन्यायाचं. दार लावून एकट्याशी बोल, डॉक्टरचा कागद घे, पगार न कापता पॅकिंगला किंवा तपासणीला लाव – आजार सांगणाऱ्याची नोकरी गेली, की पुढचा माणूस आजार लपवूनच प्रेसवर बसतो. माझ्याकडून एकाला काढलं गेलं होतं. नंतर दोन वर्षं कुणी मला साधी डोकेदुखीसुद्धा सांगितली नाही.

१७. अपघाताच्या रजेवर असलेल्याला काढायचं नाव घेऊ नकोस, ईएसआयच्या जुन्या कायद्यातही ते बसत नव्हतं. परत आल्यावर थेट त्याच प्रेसवरही बसवू नकोस – जखम भरते, हात बिचकतो.

१८. चोरीच्या भीतीने मागचं दार शिफ्ट चालू असताना कुलूपबंद करू नकोस, त्यापुढे खोकीही रचू नकोस. २०२१ च्या जूनमध्ये पिरंगुटजवळच्या कारखान्यातल्या आगीत गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. त्या आठवड्यात मी आपल्या दाराची कडी काढायला लावली – उघड्या दाराने माल जातो, बंद दाराने माणसं.

१९. संडासाची टाकी तुंबली तर हेल्परला उतरवू नकोस, पाचशे रुपये जास्त दिले तरी नाही. सक्शनची गाडी बोलाव – तसं उतरवणं २०१३ पासून गुन्हा आहे, आणि एक आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो.

२०. बायकांना रात्रपाळीला बोलवायचं तर आधी त्यांची संमती, मग घरापर्यंत गाडी – गाडी ठरली नसेल तर ऑर्डर घेऊ नकोस.

२१. कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या ‘शिकेल जरा’ म्हणून येईल. अठराच्या आतला असेल तर प्रेसच्या आसपाससुद्धा नाही. वय दाखल्यावरून बघ, मिशीवरून नाही.

२२. आणि अपघात झालाच, तर पहिला फोन दवाखान्याला, दुसरा घरच्यांना, तिसरा वकिलाला. क्रम मोडू नकोस – घरच्यांना बाहेरून कळलं, की नंतरचा तुझा प्रत्येक शब्द त्यांना वकिलाचा वाटतो.

बाकी वह्या कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात आहेत, निळ्या पुठ्ठ्याची अपघाताची. एक मात्र आजच ऐक. परवा मी शेडमध्ये गेले होते, तेव्हा चार नंबरची प्रेस एकदा पेडल दाबलं तरी दोन स्ट्रोक देत होती. क्लचची की झिजलीय. पोरगा म्हणाला, ‘चालतंय, आत्याबाई.’ मी ती बंद करून फ्यूज काढून आणलाय, माझ्या पर्समध्ये आहे. ऑर्डरवाल्याला उशिराचं मी सांगते. फिटर की बदलून गेला की फोन कर, मी स्वतः येऊन फ्यूज बसवते.