उघड्या वाय-फायविषयी भाच्यास पत्र



गावातील अभ्यासिकेच्या वाय-फायचा पासवर्ड काढून टाकण्यात आला असून ते काम चि. भाच्यानेच केले आहे, असे ताईच्या फोनवरून समजल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. मुलांच्या फोनवर वाय-फाय दिसते, जोडलेही जाते, पण नेट चालत नाही, ही तक्रार खरी असली, तरी तिचा पासवर्डशी काडीचाही संबंध नव्हता.

चिरंजीवाने घरातला जुना राउटर ज्यासाठी लावला, तो ॲक्सेस पॉइंट म्हणजे केबलने आलेले नेटवर्क बिनतारी लहरींवर पसरवणारे उपकरण. पत्ते वाटणे हे त्याचे काम नव्हे. मुख्य राउटरमधील डीएचसीपी ही यंत्रणा जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला आयपी पत्ता देते आणि बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे, कोणता हेही सांगते. जुना राउटर असा वापरताना त्यातील डीएचसीपी चालूच राहिले, तर पत्ते वाटणारे दोघे होतात, ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचे फोन सहसा ऐकतो, आणि जुना राउटर स्वतःलाच गेटवे म्हणवत असल्यामुळे त्याचे ऐकणाऱ्याची वाट तेथेच खुंटते. दोन्ही राउटरांचा मूळ पत्ता 192.168.1.1 हाच असेल, तर मग विचारायलाच नको. पासवर्ड काढल्यावर काही फोन चालू झाले ते बहुधा मुख्य राउटरचे उत्तर आधी पोहोचल्यामुळे. श्रेय मात्र फुकट पासवर्ड काढण्याला मिळाले.

तेव्हा जुन्या राउटरला लॅपटॉप केबलने जोडून त्याचा पत्ता 192.168.1.2 करावा, तो मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीत येणार नाही असे पाहावे, डीएचसीपी बंद करावे आणि मुख्य राउटरची केबल वॅन नव्हे तर लॅन पोर्टमध्ये लावावी. राउटर लोखंडी कपाटावरून खाली घेऊन भिंतीवर उंच बसवावा, आणि 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 किंवा 11 यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेले चॅनेल निवडावे, कारण एवढेच तिघे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. हे सर्व तासाभराचे काम आहे. पासवर्ड काढण्याचे त्यात कोठेही कारण नव्हते.

उलट पासवर्ड काढण्यात धोकाच आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत झालेल्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील उघड्या वाय-फायपर्यंत पोहोचला, आणि त्या कटाशी संबंध नसलेल्या रहिवाशाला चौकशीला सामोरे जावे लागले. जोडणी ज्याच्या नावावर, विचारणा प्रथम त्यालाच होते. अभ्यासिकेची जोडणी ताईच्या नावावर आहे, हे चिरंजीवाच्या ध्यानात कसे आले नाही?

खरे तर असे विचारण्याचा अधिकार मामाला फारसा नाही. त्या जुलैत मामा वाशीत भाड्याच्या खोलीत राहत होता आणि त्याचेही वाय-फाय वर्षभर उघडेच होते, कारण खोलीतील मित्रांना पासवर्ड सांगत बसण्याचा त्याला कंटाळा होता. सानपाड्याची बातमी वाचली त्या रात्री त्याने घाईघाईने कुलूप घातले, परंतु आदल्या वर्षभरात खिडकीखालून कोण काय करून गेले असेल, हा प्रश्न त्याला पुढे कितीतरी दिवस झोपू देत नव्हता. ही गोष्ट त्याने ताईलाही कधी सांगितलेली नाही.

चिरंजीवाने पासवर्ड काढला तो आळसाने नव्हे, परीक्षेच्या तोंडावर मुलांचा खोळंबा पाहवला नाही म्हणून, हेही ताईनेच सांगितले. आणि जुन्या राउटरला कामाला लावण्याची कल्पना त्या वयात मामाला सुचली नसती. तरीही आज रात्री डब्ल्यूपीए2 निवडून, म्हणजे हवेतून जाणारा मजकूर सांकेतिक करणारी पद्धत लावून, लांबलचक पासवर्ड ठेवावा आणि राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्डही बदलावा. डीएचसीपीला आज हात लावला नाही तरी चालेल. मामा रविवारी पहिल्या एसटीने येत आहे. केबल, कनेक्टर आणि क्रिम्पिंग टूल सोबत असेल, आणि ते टूल जाताना चिरंजीवापाशीच राहील.