प्रवाळ वाचले तर मासे वाचतील

आपल्या सातपूरच्या मुलांना पोवळं माहीत असतं, ते अंगठीतलं. पण प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्याशा जीवांची वसाहत! तिच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात असे प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तिथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य झालं. तुकडे सिमेंटच्या चौकटींवर लावून प्रवाळ वाढवण्याचे प्रयत्नही झाले. पण तळ खरवडणारी जाळी आणि बोटींचे नांगर आवरले नाहीत, तर नवे प्रवाळही मोडतील. नियम हवेतच, मात्र रापणीवर पोट असलेल्या मच्छीमारांना विश्वासात घेऊनच ते टिकतात. पालकहो, मालवणला सहलीला गेलात तर मुलांना एवढं नक्की सांगा: पाण्यात प्रवाळावर पाय ठेवायचा नाही.