मुलांना मुष्टियुद्ध शिकवावे का?



आपल्या शहरातील ‘साई’च्या केंद्रात मुष्टियुद्ध शिकवले जाते. मुलांनी हट्ट धरला तर?

संत पौलाने आत्मसंयम शिकवताना मुष्टियोद्ध्याचाच दाखला दिला (१ करिंथकर ९:२५-२७). म्हणजे मर्दानी खेळ वाईट नव्हे. पण फरक ओळखावा. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव तालमीतच घडले. इजा तिथेही होते. मुष्टियुद्धात मात्र डोक्यावर ठोसा मारल्याचे गुण मिळतात. म्हणूनच २०११ साली अमेरिका व कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलांच्या मुष्टियुद्धाला विरोध केला. शिरस्त्राणाने कातडी वाचते, मेंदूचा हादरा टळत नाही.

पालकांनी काय करावे? डोक्यावर मारण्याचा सराव असतो का, हे प्रशिक्षकांना आधी विचारावे. मार लागून मुलाला चक्कर आली, तर खेळ तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. पदक पुन्हा मिळेल.