स्पिरिटचा बोळा आणि झिंजोटी

जुन्या रेकॉर्डी जमवायला लागलेलं कुणी भेटलं की मी आधी एकच सांगते: स्पिरिटची बाटली लाखेच्या तबकडीजवळ आणू नका. मामांच्या संग्रहातून माझ्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंजोटीतली ठुमरी आली होती. ग्रामोफोन दुरुस्तीला दिला तेव्हा तपासायला हाताशी असावी म्हणून ती रेकॉर्डही सोबत दिली. दुरुस्ती करणाऱ्यानं आपुलकीनं कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि ती लख्ख पुसून ठेवली. घरी आणून उजेडात धरली, तर बोळा जिथून फिरला तिथे मातकट, निस्तेज पट्टे उमटलेले. लावली, तर नुसती खरखर, आणि तिच्यामागे खूप लांबून खाँसाहेबांचा तो टोकदार, सुरेल आवाज.

झालं ते साधं होतं. सुतार चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतही तीच लाख, दगडाची पूड मिसळून दाबलेली. स्पिरिट लागलं की खाचांच्या कडा विरघळतात आणि गाणं कायमचं जातं. अशी तबकडी धुवायची तर ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश, तोही खाचांच्या दिशेनेच फिरवायचा. लेबल कोरडं ठेवायचं आणि तबकडी लगेच टिपून घ्यायची. एलपी विनाइलची असते, तिला हा धोका नाही. पण हातातली तबकडी कशाची आहे हे ठरवल्याशिवाय बाटलीचं बूच उघडू नका. १९४८ साली एलपी बाजारात आली, तरी आपल्याकडे त्यानंतर बरीच वर्षं लाखेच्या तबकड्या निघत होत्या. जड, कडक आणि पडली की फुटणारी ती लाखेची.

बाजारात चकचकीत दिसणाऱ्या मालाबद्दलही सावध राहा. तेलाचा हात फिरवला की झिजलेली रेकॉर्ड काळीभोर दिसते आणि पुढे तेच तेल धूळ धरून बसतं. पैसे देण्याआधी तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. खाचा राखाडी दिसल्या तर बोथट पिनांनी त्या खरवडून काढल्या आहेत, असं समजा. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन एका बाजूपुरतीच असते, कारण तबकडीतली पूड तिला घासत जाते. पैसे वाचवायला एकाच पिनेवर महिनोन्‌महिने गाणी ऐकलेल्या घरातल्या रेकॉर्डी लगेच ओळखू येतात.

त्याच चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याच्या ध्वनिपेटीचा भार शंभर ग्रॅमच्याही वर जातो. एलपीला दोन-तीन ग्रॅम पुरतात. सुईही वेगळी लागते. ७८ साठी तिचं टोक एलपीच्या सुईपेक्षा तीन-चार पट जाड हवं. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. नवा पितळी कर्णा शोभेला ठीक, पण हातात पैसे थोडे असतील तर ते आधी या दोन सुयांवर घाला.

वेगाकडे मात्र बहुतेक जण लक्षच देत नाहीत, आणि शास्त्रीय संगीतात तोच घात करतो. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित झालं. त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं मुद्रणाचा वेग ठिकाणागणिक बदलत असे. ७४ च्या वेगानं मुद्रित झालेली तबकडी ७८ नं फिरवली की काळी एकचा षड्ज जवळजवळ पांढरी दोनवर चढतो, लय पळते, गळा बारीक होतो. ऐकणारा म्हणतो, जुने लोक असेच गात. नाही, ते असे गात नव्हते! वेग कमी-जास्त करता येईल असंच यंत्र घ्या. त्या गायकाच्या नंतरच्या रेकॉर्डींशी पट्टी ताडून पाहा आणि गळा नैसर्गिक वाटेपर्यंत वेग उतरवा.

ठेवणीत फार अवघड काही नाही: रेकॉर्डी उभ्या ठेवा, उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी धरलेली पाकिटं बदलून टाका. दुर्मिळ रेकॉर्ड हाती आली की धुण्याआधीच एकदा वाजवून संगणकावर उतरवून घ्या, खरखर न काढता. लेबलचा फोटो आणि त्याच्या कडेला कोरलेला क्रमांकही सोबत नोंदवा. पुढे कुणाला त्याच गाण्याची बरी प्रत सापडली, तर याच क्रमांकावरून ती जुळवता येते. झिंजोटीची चांगली प्रत मी अजून शोधते आहे.