वावराचा पत्ता उपग्रहाकडून

आपले वावर कुठे आहे असे कोणी विचारले तर आपण काय सांगतो? नाल्याच्या पलीकडे, मोठ्या मोहाच्या अलीकडे, पांदणीने गेले की उजव्या हाताला. गावच्या माणसाला एवढे पुरे होते. परंतु रुग्णवाहिकेच्या चालकाला, पंचनाम्यासाठी प्रथमच येणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा सोयाबीन काढणीचे यंत्र घेऊन परजिल्ह्यातून आलेल्या चालकाला तो मोह माहीत नसतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, पण तो धुऱ्यावर कोणी लिहून ठेवलेला नसतो. ही अडचण जीपीएस यंत्राने बरीचशी दूर होते. पूर्वी त्यासाठी हातात धरण्याचे वेगळे यंत्र घ्यावे लागे. आता साध्या स्मार्ट फोनमध्ये ते असतेच. मात्र ते काय सांगते आणि काय सांगत नाही हे समजून न घेता वापरल्यास फायद्यापेक्षा घोळच अधिक होतो.

यंत्र जागा कशी ओळखते?

पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत किती सेकंद गेले यावरून वीज किती दूर पडली याचा अंदाज घेता येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. जीपीएसचे तत्त्व हेच आहे, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहरी असून त्या सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. अमेरिकेची ही यंत्रणा १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन वेळा पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. प्रत्येक उपग्रह 'मी या ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत' असा संदेश सतत पाठवीत असतो. तो संदेश जमिनीवर पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. त्या वेळेवरून आपले यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते आणि चौथ्या उपग्रहामुळे यंत्रातील घड्याळाची चूक निघून जाते. ही चूक काढणे महत्त्वाचे आहे, कारण सेकंदाचा दहा लाखावा भाग इतका फरक पडला तरी अंतरात ३०० मीटर चूक होते.

मे २००० पर्यंत सामान्य लोकांसाठी हा संकेत मुद्दाम थोडा बिघडवून दिला जात असे. त्यामुळे जागेत शंभर मीटरपर्यंत फरक येई आणि आपले वावर शेजाऱ्याच्या वावरात दिसे. ते बंधन उठल्यावर मोकळ्या आभाळाखाली साधारण ३ ते ५ मीटर इतकी अचूकता साध्या यंत्रालाही मिळू लागली. रशिया, युरोप व चीन यांच्याही अशा यंत्रणा आहेत. आपल्या देशाने 'नाविक' यंत्रणेचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये आणि सातवा २०१६ मध्ये सोडला. नवीन फोन यांपैकी अनेक यंत्रणांचे संकेत एकाच वेळी घेतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'उपग्रह आपल्याला वरून पाहतो' असे अनेकांना वाटते. उपग्रह काहीही पाहत नाही. आकाशवाणी ऐकताना आपला रेडिओ जसा फक्त ऐकतो, तसेच हे यंत्र फक्त ऐकते. आपली जागा दुसऱ्याला कळवायची असेल तर त्यासाठी वेगळी सोय लागते. फोनमध्ये ते काम मोबाइलचे जाळे करते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये पट्टा बसविला. पट्ट्यातील जीपीएस वाघाची जागा ओळखत असे आणि ती जागा कळविण्याचे काम वेगळ्या उपग्रहामार्फत होत असे. जून महिन्यात वाघ टिपेश्वरमधून निघाला. महाराष्ट्र व तेलंगणातील शिवारे, नाले, रस्ते ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढील फिरणे धरून नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरहून अधिक चालला. कपाशी आणि तुरीच्या उभ्या पिकांतून तो गेला, पण बहुतेक ठिकाणी जागलीवर असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागला नसेल. पट्टा नसता तर हा प्रवास कोणालाच कळला नसता.

आकडे कसे वाचावेत?

जागा दोन आकड्यांत सांगितली जाते, अक्षांश व रेखांश. आपल्या जिल्ह्यात अक्षांश १९ किंवा २० ने आणि रेखांश ७७, ७८ किंवा ७९ ने सुरू होतो. दुसराच आकडा दिसला तर लिहिण्यात चूक झाली आहे असे समजावे. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर आणि आपल्या भागात रेखांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे २९ मीटर.

बहुतेक फोन अंश-मिनिटांऐवजी दशांश चिन्हाने आकडे दाखवितात. त्यात चिन्हानंतरचा तिसरा आकडा सुमारे १११ मीटर, चौथा ११ मीटर आणि पाचवा १ मीटर इतका फरक दर्शवितो. म्हणून पाच आकडे लिहावेत. त्यापुढचे आकडे साध्या यंत्रात निरर्थक असतात. सर्वांत मोठी चूक होते ती दोन पद्धतींची सरमिसळ केल्याने. २० अंश २४ मिनिटे म्हणजे २०.४०, कारण एका अंशात ६० मिनिटे असतात. कोणी ते २०.२४ असे लिहिले तर जागा १७ किलोमीटरहून अधिक दक्षिणेला सरकते. कळंब तालुक्यातील शेत अशा प्रकारे भलत्याच तालुक्यात जाऊ शकते.

जागा नोंदविताना आभाळ मोकळे असावे. सागाच्या दाट पानांखाली, टिनाच्या छपराखाली किंवा खोल नाल्यात संकेत कमकुवत होतो. यंत्र सुरू केल्याबरोबर दिसणारा आकडा घेऊ नये. दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहावे, आकडे हलायचे थांबले की मगच नोंद घ्यावी.

दोन जागा लिहून ठेवा

या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. २०१७ च्या खरीप हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावे लागले. फवारणीत काळजी घेणे हाच पहिला उपाय होय. परंतु विषबाधा असो की सर्पदंश, माणूस वावरात पडल्यावर वेळ जातो तो त्याला रस्त्यापर्यंत आणण्यात आणि वाहनाला रस्ता समजावून सांगण्यात.

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. फोन करणारा घाबरलेला असतो. त्यातच एकाच नावाची गावे शेजारच्या तालुक्यांतही असतात. म्हणून गावाबरोबर तालुका आणि जवळचा फाटा आधी सांगावा. त्यानंतर चालकाचा फोन आला की त्याला जागा पाठवावी. पण कोणती जागा? येथे बहुतेकांची चूक होते. ते वावरातूनच आपली जागा पाठवितात. नकाशा चालकाला वावराच्या जवळच्या रेषेवर आणतो आणि ती रेषा म्हणजे भाद्रपदातील चिखलाची पांदण असते. रुग्णवाहिका तेथे येऊ शकत नाही आणि अर्धा तास वाया जातो.

यासाठी आजच, घाई नसताना, दोन जागा नोंदवाव्यात. एक आपल्या वावराची आणि दुसरी भेटीची, म्हणजे भर पावसाळ्यातही चारचाकी वाहन जेथे येऊन वळू शकेल अशी डांबरी रस्त्यावरील जागा. दोन्हींचे आकडे फोनमध्ये साठवावेत आणि कागदावरही ठळक अक्षरांत लिहावेत. तो कागद वावरातील झोपडीत, मोटारपंपाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा. फोन मालकाच्या खिशात असतो, पण संकट बहुधा सालगड्यावर किंवा निंदणाला आलेल्या मजूर बाईवर येते. त्यांनाही तो कागद कुठे आहे हे माहीत असावे. रुग्णवाहिका निघाली की बैलगाडीने वा मोटारसायकलने रुग्णाला भेटीच्या जागेकडे हलवायचे किंवा कसे, हे फोनवर विचारून मगच ठरवावे.

प्रवासात नकाशावर किती विसंबावे?

नवीन बाजारपेठेत कापूस नेताना, नातलगांकडे जाताना वा अकोल्याला विद्यापीठाची शिवार फेरी पाहायला निघताना नकाशाचा चांगला उपयोग होतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, परंतु नकाशा उघडण्यासाठी लागते. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या जंगलपट्ट्यात मोबाइलचे जाळे मधेच जाते. अशा वेळी यंत्राला जागा कळते, पण पडद्यावर पांढरा कागद दिसतो. म्हणून घरून निघण्यापूर्वीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा.

नकाशा अंतर जाणतो, जमीन जाणत नाही. प्रस्तुत लेखक एकदा प्रात्यक्षिकाचा प्लॉट पाहण्यासाठी जात असताना यंत्राने चार किलोमीटर वाचविणारी वाट दाखविली. ती वाट काळ्या मातीची पांदण निघाली आणि मोटारसायकल मडगार्डपर्यंत रुतली. बैलजोडी लावून ती काढून देणारे गृहस्थ एवढेच म्हणाले, "साहेब, फोनले पुसण्यापरीस मले पुसलं असतं." त्यांचे म्हणणे रास्त होते. जून ते ऑक्टोबर या काळात नकाशाने आडवाट दाखविली तर फाट्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय आत वळू नये.

रपट्याच्या बाबतीत तर ही खबरदारी जिवाची आहे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावजवळ नाल्याचे पाणी पुलावरून वाहत असताना एसटी बस वाहून गेली आणि त्यात जीवितहानी झाली. त्या घटनेशी जीपीएसचा काही संबंध नव्हता. परंतु पुलावरून पाणी वाहत असले तरी नकाशावर तोच पूल सरळ, मोकळा रस्ता म्हणून दिसतो, हे लक्षात घ्यावे. पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबावे, यंत्र कितीही वेळा 'पुढे जा' म्हणो.

वावराची मोजणी

फोन हातात धरून धुऱ्याने चालत गेल्यास क्षेत्र किती ते दाखविणारी साधने उपलब्ध आहेत. नांगरणी, फवारणी वा मळणीचा एकरी हिशेब करताना ती उपयोगी पडतात आणि ट्रॅक्टरवाल्याशी होणारी हुज्जत टळते. अशा मोजणीवर किती विश्वास ठेवावा हे मात्र शेताच्या आकारावर अवलंबून असते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. चौकोनी असेल तर एक बाजू सुमारे ६३.६ मीटर. चालताना चारही बाजूंनी दीड-दीड मीटर आत राहिलो तर बाजू ६०.६ मीटर होते आणि क्षेत्र ९ टक्क्यांनी कमी भरते. हीच चूक पाच एकरांच्या चौकोनी वावरात झाली तर फरक ४ टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणून लहान तुकड्याची मोजणी उलटसुलट दिशेने दोन-तीन वेळा करून सरासरी घ्यावी. बियाणे व खताची मात्रा ठरविण्यास एवढे पुरेसे आहे.

धुऱ्याच्या वादात मात्र फोनचा आकडा पुढे करू नये. तीन मीटरची चूक करू शकणारे यंत्र दोन फुटांच्या वादाचा निवाडा करू शकत नाही. हद्द ठरविण्याचा अधिकार भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीचाच आहे. ते वापरीत असलेली उपग्रह यंत्रे वेगळी असतात. जमिनीवरील कायम केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन ती काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता देतात. फोनच्या भरवशावर शेजाऱ्याचा धुरा कोरल्याने भांडण कोर्टात जाते, जमीन वाढत नाही.

माती नमुना आणि पीक नोंद

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत ओलिताखाली अडीच हेक्टरला व कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना, जागेच्या नोंदीसह घेण्याची पद्धत ठरली. आपण स्वतः नमुना काढतानाही जागा लिहून ठेवावी. तीन वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणची माती तपासली तरच सेंद्रिय कर्ब वाढला की घटला ते कळते. एकदा बरडावरची आणि एकदा नाल्याकाठची माती दिल्यास तुलना होऊच शकत नाही.

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्यात पिकाच्या छायाचित्राबरोबर जागेचीही नोंद होते आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीकपेरा येतो. छायाचित्र धुऱ्यावर उभे राहून घेतल्यास ३ ते ५ मीटरच्या फरकाने नोंद शेजारच्या गटात जाण्याची शक्यता असते. म्हणून वावराच्या मध्यभागी, झाडापासून दूर जाऊन, थोडा वेळ थांबून छायाचित्र घ्यावे. तुरीचे आंतरपीक असल्यास त्याचीही नोंद विसरू नये. शेवटच्या तारखेची वाट पाहू नये, कारण त्या दिवसांत काम संथ होते. संध्याकाळी फोनची बॅटरी संपत आली असताना तर हे काम काढूच नये. सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, फोन पूर्ण चार्ज करून वावरात जावे आणि त्याच फेरीत भेटीच्या जागेचे आकडेही कागदावर उतरवून आणावेत.