विमानवाहू नौका की पाणबुडी?

विमानवाहू नौका बांधावी की पाणबुड्या वाढवाव्यात, हा वाद वरवर पाहता तज्ज्ञांचा, फार तर किनाऱ्यावरच्या लोकांचा वाटतो. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही. परंतु मराठी आरमाराचे राजकारण एके काळी सातारच्या गादीशी बांधलेले होते. १७१३ साली कान्होजी आंग्रे यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. पुढे बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवून कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणले व सरखेलपद त्यांच्याकडेच राहिले. दर्यावर हुकमत असलेला माणूस दुखवून चालणार नाही, हे त्या दरबाराने ओळखले होते.

या वादाच्या मुळाशी दोन निरनिराळी उद्दिष्टे आहेत. समुद्र स्वतःच्या ताब्यात ठेवणे हे एक. शत्रूला तो वापरू न देणे हे दुसरे. दुसरे काम स्वस्तात होते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रज व सिद्दी यांनी त्यास वेढले. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण उथळ पाण्यातून रात्रीच्या वेळी रसद पोहोचविणाऱ्या मराठी होड्या त्यांना अडविता आल्या नाहीत. १६८०च्या जानेवारीत इंग्रज तह करून बाजूला झाले. मात्र खोल समुद्रातील त्यांचा व्यापार मराठी आरमार बंद पाडू शकले नाही, हेही विसरता कामा नये. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या व २०१९ साली नौदलात आलेल्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हेच नाव आहे. ते शोभून दिसते.

१९७१च्या युद्धात दोन्ही बाजूंचा पुरावा सापडतो. बॉयलरमधील बिघाडामुळे वेग मंदावलेली ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या विमानांनी कॉक्स बझार व चितगाववर हल्ले करून पूर्व पाकिस्तानची बंदरे निकामी केली. हे काम पाणबुडीला जमले नसते. परंतु याच ‘विक्रांत’च्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली (कारण दोन्ही देश वेगवेगळे सांगतात). ती बुडाली नसती तर? ९ डिसेंबरला दीवजवळ ‘हंगोर’ने ‘खुकरी’ बुडविली. पाणबुड्यांच्या पाठलागावर निघालेलीच ही युद्धनौका. तिच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले.

चीनचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. माओच्या काळातील चिनी नौदल किनारा राखणारे, पाणबुड्या व लहान जलद नौकांवर भिस्त ठेवणारे होते. १९८२ ते १९८८ या काळात नौदलप्रमुख असलेल्या ल्यू ह्वाछिंग यांनी विमानवाहू नौकांचा आग्रह धरला. युक्रेनमधून आणलेल्या अपुऱ्या सांगाड्यातून ‘ल्याओनिंग’ २०१२ साली तयार झाली. २०१९ मध्ये ‘शानतुंग’ व २०२५ मध्ये ‘फूच्यान’ आली. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून येणाऱ्या तेलावर कारखाने चालत असताना नुसता किनारा राखून भागत नाही, हे त्यामागील एक कारण. तरीही चीनने पाणबुड्या कमी केल्या नाहीत. त्याला दोन्ही परवडते.

आपल्याला परवडते काय, हा खरा प्रश्न. २०२० साली संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तिसऱ्या विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना अग्रक्रम द्यावा, असे म्हटले. नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंह यांनी तिसऱ्या नौकेची गरज मांडली. माझ्या मते पाणबुड्या आधी हव्यात. माझगावच्या सहा पाणबुड्यांपैकी शेवटची, ‘वाघशीर’, २०२५च्या जानेवारीत दाखल झाली. जुन्या पाणबुड्यांची वये पाहता एवढ्याने भागणार नाही. पण म्हणून विमानवाहू नौकेचा विचारच लांबणीवर टाकता येत नाही. नव्या ‘विक्रांत’चा कणा २००९ साली कोचीत बसविला गेला आणि ती नौदलात आली २०२२ साली. दुसरी नौका ‘विक्रमादित्य’ ही मूळची १९८७ सालची सोव्हिएत. तिच्या जागी जी नौका यावयाची, तिचा निर्णय आजच्या अंदाजपत्रकातच व्हावयास हवा.