काम पुष्कळ झाले, पण कारणी लागले काय?

रात्री दुकानाचे शटर ओढताना "आज पुष्कळ काम उरकले" असे समाधान आपण मानतो. परंतु पुष्कळ काम उरकणे निराळे आणि काम कारणी लागणे निराळे. पहिल्याचे माप ढिगावरून घेतले जाते, दुसऱ्याचे गिऱ्हाइकाच्या हाती काय पडले यावरून. भोर-वेल्ह्याच्या लोकांना हा फरक समजण्यासाठी लांब जायला नको.

वेल्ह्याच्या हद्दीत आंबी नदीवर पानशेतचे पहिले धरण बांधले जात होते. धरण मातीचे, उंची सुमारे 51 मीटर. काम 1962 साली पुरे व्हायचे होते, पण ते पुढे ओढून 1961 च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचे ठरले. माणसे राबली, भराव उंच होत गेला. मात्र पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे वर-खाली करणारी यंत्रणा पुरती बसलेली नव्हती आणि मोरीच्या काँक्रीटमध्ये सळ्याही नव्हत्या.

पाऊस लागला. बारा दिवसांत पाणी सुमारे 24 मीटर चढले. अर्धवट उघड्या दरवाजांतून ते मोरीत शिरले, तेव्हा मोरीला धक्के बसू लागले आणि तिच्यावरचा भराव खचू लागला. अडीच तासांत माथा सुमारे 1.4 मीटर खाली गेला. लष्कराच्या जवानांनी रात्री वाळूची पोती रचली. 12 जुलै 1961 रोजी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेकाठच्या पुणे शहरातील पेठा पाण्याखाली गेल्या. घरांबरोबर कित्येकांची दुकाने आणि हत्यारेही वाहून गेली.

येथे कोणी आळस केला होता असे नाही. उलट काम वेगाने झाले होते. पण सांडवा अपुरा होता किंवा पाया कच्चा होता म्हणून धरण गेले नाही. ते गेले पाणी सोडण्याच्या सोयीपायी. भराव जितका उंच, तितके मागे पाणी जास्त, आणि ते सोडण्याची वाट अपुरी. म्हणजे वाढलेल्या कामाने धोकाच वाढवला.

आता हेच शिंप्याच्या दुकानात पाहा. समजा, ईदच्या आधी मास्तर दिवसाला वीस सदरे कापतात, मशीनवर पंधरा शिवले जातात, पण काज-बटण करणारा एकच मुलगा आहे आणि त्याच्या हातून आठच निघतात. फळीवर सदऱ्यांचा ढीग वाढतो, दुकान गजबजलेले दिसते. पण बिनबटणाचा सदरा कोणी नेत नाही. कापडाचे पैसे अडकतात, दोऱ्याची उधारी चढते, दिलेली तारीख चुकते. कापणी आणखी वाढवली तर पैसे आणखी अडकतील, आठाचे नऊ होणार नाहीत. अशा वेळी मास्तरांनी कात्री खाली ठेवून स्वतः काज-बटणाला बसावे. मास्तरांना हे कमीपणाचे वाटते, पण त्या दिवसाची कमाई तिथेच आहे.

जाळ्या-खिडक्या बनवणाऱ्या वेल्डरचेही असेच होते. दहा जाळ्या वेल्ड होऊन भिंतीला टेकलेल्या, रंग बाकी, बसवायला माणूस नाही. बाकीचे पैसे मात्र जाळी बसल्यावरच मिळतात.

याउलट भोरजवळ येळवंडी नदीवरचे भाटघर धरण पाहा. हे दगडी धरण 1928 पासून उभे आहे. त्याला 45 स्वयंचलित दरवाजे आहेत. त्याचे पाणी नीरेत उतरते आणि कालव्यांनी बारामती, फलटणच्या शेतापर्यंत जाते. भिंत मोठीच आहे, पण शेतकऱ्याला भिंतीशी काय करायचे? त्याच्या पाटात पाणी आले की नाही, एवढेच तो पाहतो.

आठवडाभर एक वही ठेवून पाहा. दोन खाने पुरेत. पहिल्यात आज हाती घेतलेले नग लिहा, दुसऱ्यात पूर्ण होऊन, पैसे येऊन दुकानाबाहेर गेलेले नग. दोन्ही आकड्यांत रोज अंतर वाढत असेल तर नवे काम घेण्याआधी माल नेमका कोणत्या हातापाशी थांबतो ते शोधा. कारागिराला विचारलेत तर तो लगेच सांगेल. त्याला ते बहुधा आधीच ठाऊक असते. अर्धवट माल दुकानात नजरेआड ठेवू नका, गल्ल्यासमोरच रचा.